आवृत्ती की पुनर्मुद्रण? संगणकीय आज्ञावलींच्या नव्या आवृत्त्यांविषयी

मराठी ग्रंथव्यवहारात 'आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' ह्या दोन संज्ञांत पूर्वीपासून भेद मानला गेला आहे. मजकूर जसाच्या तसा पुन्हा छापला तर ते पुनर्मुद्रण. त्यात भर, फेरफार वा दुरुस्ती झाली असेल तर ती नवी आवृत्ती. 'सुधारून वाढविलेली आवृत्ती' असे शब्द जो प्रकाशक ग्रंथावर छापतो तो वाचकास एक वचन देत असतो, आणि ते पाळले गेले आहे किंवा नाही हे जुनी व नवी प्रत शेजारी ठेवून कोणासही पाहता येते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. ह्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली निघाली, दुसरी १८५७ साली. मधल्या काळात कोशात पडलेली भर एवढी मोठी होती की दुसरी आवृत्ती हा एका अर्थी नवाच ग्रंथ झाला. पुढे १९७५ साली हाच कोश पुण्याहून पुन्हा प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यातील चुका दुरुस्त केलेल्या असूनही प्रकाशकांनी त्यास तिसरी आवृत्ती न म्हणता 'दुरुस्त केलेले पुनर्मुद्रण' एवढेच म्हटले.

संगणकाच्या आज्ञावलींच्या, म्हणजे ज्यांना सर्वत्र सॉफ्टवेअर म्हटले जाते त्यांच्या, बाबतीत 'व्हर्जन' ह्या शब्दास मराठीत 'आवृत्ती' हाच पर्याय रूढ झाला. तो स्वाभाविक असला तरी संपूर्णपणे निर्दोष नाही. कारण शब्दाबरोबर त्याच्या पोटातील वचनही आले, आणि ते वचन पाळण्याची परंपरा मात्र आली नाही. नवी आवृत्ती घ्यावी, तिच्यासाठी पैसा व वेळ खर्च करावा, हाताला बसलेले वळण मोडावे, आणि अखेरीस आपले काम पूर्वी होत होते तसेच किंवा किंचित सावकाश होत आहे असे आढळावे, हा अनुभव आता इतका सार्वत्रिक झाला आहे की त्याची तक्रारही कोणी गंभीरपणे करीत नाही. तथापि ज्यांचे संशोधनच मजकुरावर उभे आहे अशा भाषाभ्यासकांस हा विषय हसून सोडून देता येण्याजोगा नाही. ह्या अपेक्षाभंगामागे निश्चित आर्थिक व तांत्रिक कारणे आहेत, आणि मराठी मजकुराच्या बाबतीत त्याचे स्वरूपही काहीसे निराळे आहे.

प्रथम आवृत्तीच्या क्रमांकाविषयी. क्रमांक हा मोजमापाचा आभास निर्माण करतो. दुसरीपुढे तिसरी आली म्हणजे एक पाऊल पुढे पडले असे मन गृहीत धरते. वस्तुतः हे क्रमांक पुष्कळदा विशेषनामासारखे असतात. त्यांच्याकडून परिमाणाची अपेक्षा करणे चूक होय. विंडोजवर चालणारी मायक्रोसॉफ्टची 'वर्ड' ही लेखनाची आज्ञावली १९९३ साली २.० वरून एकदम ६.० वर गेली. मधल्या तीन आवृत्त्या विंडोजसाठी कधी निघाल्याच नव्हत्या. अन्य यंत्रांवरील आपल्याच आज्ञावलीच्या व बाजारातील प्रतिस्पर्ध्याच्या क्रमांकाशी बरोबरी साधणे एवढाच त्या उडीचा अर्थ होता. २००७ सालच्या 'ऑफिस'चा अंतर्गत क्रमांक १२ आणि त्यानंतरच्या २०१० सालच्या आवृत्तीचा १४. तेरावा गाळला गेला. २०१५ साली 'विंडोज ८.१' नंतर 'विंडोज १०' आली. नववी झालीच नाही. ज्या क्रमांकांत १३ किंवा ९ नाहीत त्यांस गणिती क्रम म्हणणे धाडसाचे ठरेल.

क्रमांक पुढे गेला आणि गुण मागे आला अशीही उदाहरणे आहेत. मॅकिन्टॉश संगणकासाठी १९९२ साली निघालेली वर्डची ५.१ ही आवृत्ती आटोपशीर व चपळ म्हणून नावाजली होती. १९९४ सालची ६.० ही आवृत्ती विंडोज व मॅकिन्टॉश ह्या दोहोंसाठी एकाच मूळ संहितेवरून तयार करण्यात आली. उत्पादकाच्या दृष्टीने ह्यात काटकसर होती. परंतु मॅकिन्टॉशच्या वापरकर्त्यांस ती आवृत्ती मंद, अवजड आणि त्यांच्या यंत्राच्या रीतीभातींशी विसंगत वाटली. कित्येकांनी पैसे देऊन घेतलेली नवी आवृत्ती बाजूस ठेवून पुन्हा ५.१ स्वीकारली. सुधारणा झाली होती खरी, पण ती कारखान्यात झाली होती. लेखकाच्या टेबलावर नव्हे. ह्याहून गमतीचे उदाहरण 'ऑफिस ९७' मधील कागद अडकविण्याच्या टाचणीच्या आकाराच्या मदतनीसाचे. वापरकर्त्याने पत्र लिहावयास घेतले की हा मदतनीस पडद्यावर डोकावून सल्ला देई. लोक त्याला इतके कंटाळले की २००१ सालच्या आवृत्तीत तो मूळपासून बंद ठेवण्यात आला, आणि त्याची सेवानिवृत्ती हाच त्या आवृत्तीच्या जाहिरातीचा विषय करण्यात आला. मागील सुधारणा काढून टाकणे ही पुढील सुधारणा ठरावी, हा प्रकार ग्रंथव्यवहारात सहसा आढळत नाही.

असे का होते, ह्याचे एक उत्तर अर्थशास्त्राने दिले आहे. पाट्याला टाकी लावणारा वर्षा-दोन वर्षांनी दारात येतो, कारण पाटा झिजतो. वहाण झिजते, कापड विरते, म्हणून मोची व विणकर ह्यांचा धंदा चालतो. आज्ञावली झिजत नाही. वीस वर्षांपूर्वी विकत घेतलेली आज्ञावली, यंत्र चालू असेल तर, पहिल्या दिवशी चालत होती तशीच आजही चालते. परिणामी विक्रेत्याचा सर्वांत बलवान प्रतिस्पर्धी दुसरा विक्रेता नसतो. त्याने स्वतःच पूर्वी विकलेली प्रत हीच त्याची प्रतिस्पर्धी असते. टिकाऊ वस्तूच्या विक्रेत्याची ही अडचण रोनाल्ड कोस ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली एका छोट्या निबंधात मांडली. जेरेमी ब्युलो ह्याने १९८६ साली, मक्तेदार विक्रेत्यास वस्तूचा टिकाऊपणा मुद्दाम कमी करणे का सोयीचे वाटते, ह्याची उपपत्ती दिली. ही दोन्ही विवेचने सर्वसामान्य टिकाऊ वस्तूंविषयीची असली तरी आज्ञावलींना ती जशी लागू पडतात तशी क्वचितच दुसऱ्या कशास लागू पडत असतील.

जी वस्तू आपोआप झिजत नाही तिची झीज बाहेरून घडवावी लागते, आणि ह्यासाठी सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे फाइलीची घडण. 'वर्ड ९७' मध्ये दस्तऐवज साठविण्याची घडण बदलली. ह्या आवृत्तीत लिहिलेली फाइल आधीच्या 'वर्ड ९५' मध्ये उघडत नसे. जुन्या घडणीत फाइल साठविण्याची सोय दिलेली होती. पण आरंभी त्या सोयीतून प्रत्यक्षात निघत असे ती निराळ्याच, 'आरटीएफ' नावाच्या घडणीची फाइल, जुन्या घडणीचे आडनाव लावलेली. खरा परिवर्तक कंपनीने नंतर उपलब्ध करून दिला. दरम्यानच्या काळात एखाद्या कार्यालयात एकाने नवी आवृत्ती घेतली की त्याच्याशी पत्रव्यवहार करणाऱ्या सर्वांस ती घेणे भाग पडे. नव्या आवृत्तीत त्यांना काय हवे होते, हा प्रश्नच उरत नसे. शेजाऱ्याची फाइल उघडावी एवढेच हवे असे. भाषाभ्यासकास हे चमत्कारिक वाटू नये. भाषेचे मूल्यही ती किती जण बोलतात ह्यावर अवलंबून असते. फरक एवढाच की कोणत्याही भाषेचे व्याकरण तिच्या मालकाने दर तीन वर्षांनी बदलल्याचे ऐकिवात नाही. २००७ साली घडण पुन्हा बदलली. ह्या खेपेस मात्र जुन्या आवृत्त्यांना नवी फाइल वाचता यावी म्हणून विनामूल्य जोड देण्यात आली, हे नमूद करणे न्यायाचे होईल.

कोसने आपल्या निबंधात अडचणीतून सुटण्याचा एक मार्ग सुचविला होता: वस्तू विकू नये, भाड्याने द्यावी. आज्ञावलींच्या व्यापाराने तो उशिरा पण मनापासून स्वीकारला. अडोबी ह्या कंपनीची पृष्ठजुळणी व चित्रसंस्कार ह्यांसाठीची २०१२ सालची 'सीएस ६' ही मालिका कायमची विकत मिळणारी शेवटची ठरली. २०१३ पासून नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीने मिळू लागल्या. ह्या व्यवस्थेचे काही लाभ आहेत, परंतु तिच्यामुळे ग्राहकाच्या हातचे एक माप गेले. पूर्वी नवी आवृत्ती नापसंत असेल तर ती न घेणे हा अभिप्राय होता आणि तो विक्रेत्याच्या वहीत उमटत असे. आता नवी आवृत्ती आपोआप येते आणि नापसंतीला जागाच राहत नाही.

तथापि सगळा दोष व्यापाराच्या माथी मारणे शास्त्रीय ठरणार नाही. मायर लेहमन ह्या संगणकशास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात आज्ञावलींच्या वाढीचे जे नियम मांडले, त्यांतील पहिल्या दोहोंचा आशय असा: प्रत्यक्ष व्यवहारात गुंतलेली आज्ञावली सतत बदलली नाही तर ती उत्तरोत्तर निरुपयोगी होत जाते, आणि ती बदलत गेली की, मुद्दाम श्रम घेतल्याखेरीज, तिची गुंतागुंत वाढत जाते. म्हणजे आज्ञावली स्वतः झिजत नसली तरी तिच्या भोवतालचे जग सरकते. नवा छपाईयंत्रसंच, नवा कर, नवा कायदा, नवी सांकेतिक व्यवस्था. ज्या श्रमांमुळे आज्ञावली केवळ होती तेथे राहते ते श्रम वापरकर्त्यास दिसत नाहीत, त्यांमुळे वाढलेला बोजडपणा मात्र दिसतो. डेव्हिड पार्नस ह्याने १९९४ साली ह्यालाच आज्ञावलींचे वार्धक्य म्हटले. आणि निक्लाउस विर्थ ह्याने १९९५ साली, यंत्रे जितक्या वेगाने जलद होत आहेत त्याहून अधिक वेगाने आज्ञावली मंद होत आहेत, ह्या निरीक्षणाचा आधार घेऊन सडपातळ आज्ञावलींचा पुरस्कार केला. विर्थचा रोख, अनावश्यक सोयींचा भार प्रत्येक ग्राहकाने वाहिलाच पाहिजे अशा घडणीवर होता.

शिवाय जी सुधारणा सर्वांत मोलाची ती बहुधा अदृश्य असते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने अनेक देशांतील संगणक, ब्रिटनमधील रुग्णालयांसह, बंद पाडले. ज्या छिद्रातून ती आत शिरली ते बुजविणारी दुरुस्ती त्याच वर्षीच्या मार्चमध्येच प्रसिद्ध झाली होती. ज्यांनी ती वेळीच बसविली त्यांना तिच्यामुळे काहीही नवे दिसले नाही, आणि काहीही न दिसणे हेच तिचे फळ होते. तेव्हा 'काही फरक पडला नाही' हे वाक्य दरवेळी तक्रारीचे असतेच असे नाही. अडचण ही की अशी आवश्यक डागडुजी आणि नको असलेली सजावट ह्या एकाच पुडक्यात बांधून येतात, आणि पुडके सोडून निवड करण्याची मुभा ग्राहकास क्वचितच असते.

ह्याच्या उलट टोकास डोनाल्ड क्नुथ ह्याच्या 'टेक' ह्या अक्षरजुळणीच्या आज्ञावलीचे उदाहरण आहे. १९९० च्या सुमारास तिची तिसरी आवृत्ती सिद्ध झाल्यावर क्नुथने ती गोठविली. त्यानंतर केवळ चुकांची दुरुस्ती होते, आणि प्रत्येक दुरुस्तीगणिक क्रमांकास पायच्या मूल्यातील एकेक अंक जोडला जातो. २०२१ सालचा क्रमांक ३.१४१५९२६५३ असा आहे. क्नुथच्या पश्चात क्रमांक पाय एवढाच व्हावा आणि उरलेल्या चुका हे आज्ञावलीचे गुणविशेष मानले जावेत, अशी त्याची इच्छा त्याने लिहून ठेवली आहे. मोल्सवर्थच्या कोशाच्या पुनर्मुद्रकांस ही भूमिका तत्काळ पटली असती. मात्र गोठविलेल्या आज्ञावलीत देवनागरीस स्वाभाविक स्थान नव्हते. ते मिळाले तेव्हा जोनाथन क्यू ह्याने २००४ साली 'झीटेक' ही दुसरी आज्ञावली दुसऱ्या नावाने काढली. मूळ 'टेक'च्या क्रमांकास त्याने हात लावला नाही. जुने प्रबंध जुन्या आज्ञावलीत पूर्वीसारखेच जुळतात, नवे नव्या आज्ञावलीत. नवी गोष्ट असेल तर तिला नवे नाव द्यावे हा प्रामाणिकपणा दुर्मिळ असला तरी अशक्य नाही, एवढे ह्यावरून सिद्ध होते.

आता मराठीकडे वळता येईल. देवनागरीची संगणकीय सांकेतिक व्यवस्था ठरविण्याचे काम भारतात बरेच आधी झाले. १९८८ साली सिद्ध झालेली 'इस्की' ही व्यवस्था १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीचा विभाग १९८८ च्या इस्कीवरच आधारलेला होता. परंतु संकेत ठरला म्हणजे लेखन सुरू झाले असे नव्हे. बाजारातील लेखनाच्या व पृष्ठजुळणीच्या आज्ञावलींस ते संकेत कळत नव्हते. म्हणून महाराष्ट्रातील मुद्रणव्यवसायाने दुसरा मार्ग काढला: रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेले फॉन्ट. अशा फाइलीत संगणकाच्या लेखी रोमन अक्षरे व चिन्हेच असतात. फॉन्टचा बुरखा असेतोवर ती मराठी दिसतात. बुरखा काढला, किंवा दुसऱ्या उत्पादकाचा चढविला, की उरते ती निरर्थक अक्षरांची रांग. कारण कोणत्या रोमन अक्षरामागे कोणता देवनागरी तुकडा बसवावयाचा ह्याबाबत उत्पादकांत एकमत नव्हते, आणि एकाच उत्पादकाच्या निरनिराळ्या संचांतही ते असेलच असे नव्हते.

ह्या तात्पुरत्या उपायास दीर्घायुष्य लाभले ते आज्ञावलींच्या नव्या आवृत्त्यांनी मराठीकडे केलेल्या दुर्लक्षामुळे. अडोबीची 'इनडिझाइन' ही पृष्ठजुळणीची आज्ञावली १९९९ साली निघाली. तेव्हापासून २०११ पर्यंत लहानमोठ्या मिळून तिच्या नऊ आवृत्त्या झाल्या. पारदर्शक चित्रे आली, छायांचे परिणाम आले. २०१० सालच्या आवृत्तीत पानावरची आकृती हलविण्याची सोयही आली, जिचे फलित पाहावयाचे ते 'फ्लॅश' हे साधन कंपनीने २०२० च्या अखेरीस स्वतःच बंद केले. पण 'प्रक्रिया' किंवा 'विद्यार्थी' हे शब्द युनिकोडमध्ये लिहून शुद्ध जोडाक्षरांसह पानावर बसविण्याची सोय ह्या नऊ आवृत्त्यांच्या पटावर कोठेही उघडपणे नव्हती. ह्यातील खरा विषाद पुढेच आहे. गुंतागुंतीच्या लिपी जुळविण्यास समर्थ असे यंत्र २००८ सालच्या आवृत्तीतच आत बसविलेले होते. ते निवडण्यासाठी पटावर कळ तेवढी दिलेली नव्हती. बाहेरच्या कारागिरांनी जोड-आज्ञावली लिहून ते दार किलकिले केले. मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी ते अधिकृतपणे उघडले २०१२ साली. मराठीच्या दृष्टीने म्हणावयाचे तर १९९९ ची आवृत्ती ही पहिली, २०१२ ची दुसरी, आणि मधली सर्व पुनर्मुद्रणे.

ह्या हिशेबाने पाहिले असता काही प्रसिद्ध निवाडेही फिरवावे लागतात. 'विंडोज व्हिस्टा' ही २००७ सालची आवृत्ती जगभर अपेक्षाभंगाचे प्रतीक मानली गेली. ती अवजड होती आणि पुष्कळांनी ती टाळून 'एक्सपी'च ठेवली. मराठीचा अनुभव मात्र किंचित वेगळा आहे. विंडोजमध्ये देवनागरी प्रथम आली ती 'विंडोज २०००' मध्ये. 'एक्सपी'त ती होती, पण गुंतागुंतीच्या लिपींसाठीच्या फायली तबकडीवरून वेगळ्याने चढवाव्या लागत. आणि तबकडी बहुधा ज्याने संगणक जुळवून दिला त्याच्या दुकानात असे. व्हिस्टात ही सोय आरंभापासून चालू होती. जगाने नाकारलेल्या आवृत्तीत मराठीस हवी असलेली एक गोष्ट होती, आणि जगाने स्वीकारलेल्या कित्येक आवृत्त्यांत एकही नव्हती. सुधारणा कोणाच्या भाषेत मोजावयाची, हा प्रश्न येथे टाळता येत नाही.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने ह्याहून नाजूक अशी दोन उदाहरणे आहेत. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील खोल जागा. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. पहिल्या रूपांत रफारामुळे आधीच्या अक्षरावर आघात येतो, दुसऱ्यांत येत नाही. हा भेद मराठी लेखन पापणीसारख्या आडव्या रेषेच्या अर्ध्या र ने दाखविते. हिंदीस त्याची गरज नाही. युनिकोडने त्यासाठी नुक्ता असलेल्या र चा संकेत योजण्याची शिफारस केली. परंतु १९९६ सालच्या २.० ह्या आवृत्तीनुसार लिहिलेला मजकूर बिघडू नये म्हणून साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह ही दुसरी रीतही मान्य ठेवली. पडद्यावर दोन्ही रूपे एकसारखी दिसतात. संकेतांच्या पातळीवर ती भिन्न आहेत, आणि सांकेतिक रूपे एकरूप करण्याच्या युनिकोडच्या नियमांनीही ती एक होत नाहीत. कोणते रूप उमटते हे टंकलेखकाने कोणता कळफलक वापरला ह्यावर ठरते. परिणाम असा की अक्षरशः जुळणी करणाऱ्या शोधास एका रीतीने लिहिलेल्या 'दऱ्या' दिल्या तर दुसऱ्या रीतीच्या सापडत नाहीत. आणि अदृश्य चिन्हे दुर्लक्षिणारा शोध वापरला तर जोडचिन्ह गळून दऱ्यांचा दर्या होतो. शब्दांची वारंवारता मोजणाऱ्या विद्यार्थ्याच्या तक्त्यात पहिल्या चुकीने एक शब्द दोन ओळींत विभागला जातो आणि दुसरीने दोन शब्द एका ओळीत मिसळतात. तक्ता दोन्ही प्रसंगी नीटनेटका दिसतो, हे त्यातील भय.

दुसरे उदाहरण 'ॲ' ह्या अक्षराचे. इंग्रजीतून आलेल्या 'ॲसिड', 'ॲडमिशन' अशा शब्दांच्या आरंभी मराठी अ वर चंद्र देते, जेथे हिंदी ए चा आश्रय घेते. युनिकोडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत ह्या अक्षरास स्वतंत्र संकेत नव्हता; तो ५.१ ह्या २००८ सालच्या आवृत्तीत मिळाला. ही मराठीपुरती खरी, वाढविलेली आवृत्ती होती, आणि काय वाढविले ते स्पष्ट नोंदवूनही ठेवले होते. तरीही तिची किंमत मोजावी लागली. २००८ पूर्वीचा मजकूर अ आणि चंद्र असे दोन संकेत जोडून लिहिलेला आहे, नंतरचा पुष्कळसा एका संकेताने. म्हणजे जी सुधारणा जुन्यास धक्का लावीत नाही ती दुहेरी रूपे मागे ठेवते, आणि जी दुहेरी रूपे ठेवीत नाही ती जुने दस्तऐवज निकामी करते. 'वर्ड ९७' ने दुसरा मार्ग धरला, युनिकोडने पहिला. संशोधकास पहिला परवडतो, कारण दुहेरी रूपे ओळखून एक करण्याची आज्ञावली कोणीही जाणता विद्यार्थी एका दिवसात लिहू शकतो; हरवलेला फॉन्ट मात्र लिहिता येत नाही.

येथे विद्यापीठीय विभागांच्या कपाटांचा विचार येतो. जुन्या फॉन्टांत टंकलिखित झालेले प्रबंध, बोलींच्या सर्वेक्षणांतील शब्दसूची, म्हणी व ओव्यांची संकलने ह्यांच्या छापील प्रती वाचता येतात. पण त्यांत शोध घेता येत नाही, मोजणी करता येत नाही, आणि त्यांच्या फाइली ज्या फॉन्टवर अवलंबून होत्या ते फॉन्ट कुलूपबंद चकतीसह कोठल्या तरी जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेलेले असतात. ज्या वृद्ध निवेदकांच्या तोंडून शब्द टिपले ते पुष्कळदा आता हयात नसतात. अशा फाइलींचे युनिकोडमध्ये रूपान्तर करताना र च्या दोन रूपांचा आणि 'ॲ' चा निर्णय आरंभीच घेऊन तो प्रस्तावनेत नोंदविणे, मूळ फाइल व तिच्या फॉन्टचे नाव सोबत जपणे, आणि रूपान्तरित पाने छापील प्रतीशी ताडून पाहणे, हे काम कोणत्याही नव्या आवृत्तीच्या सोयींच्या यादीत सापडणार नाही.

'विंडोज १०' साठीचे मोफत संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वसाधारणपणे संपले. 'विंडोज ११' अधिकृतपणे चालण्यास संगणकात 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षाचकती असावी लागते. ती नसलेले, एरवी धडधाकट असे कितीतरी संगणक त्यामुळे अपात्र ठरले. नवा संगणक घेणाऱ्या मराठी अभ्यासकास त्यावर काय आढळते? मराठीचा उच्चारानुसारी कळफलक आहे. तो २०१९ साली 'विंडोज १०' मध्येच आला होता आणि खरोखर उपयुक्त आहे. 'मंगल' हा फॉन्ट, ज्यात गेली दोन दशके मराठी कार्यालयीन व विद्यापीठीय लेखन झाले, आता ऐच्छिक झाला आहे. वापरकर्त्याच्या भाषांच्या यादीत देवनागरीत लिहिली जाणारी एकही भाषा नसेल तर तो संगणकावर नसतो. अशा यंत्रावर जुना प्रबंध उघडला की त्याच्या जागी दुसरा फॉन्ट येतो, ओळी सरकतात, पाने सरकतात, आणि तळटीपांत दिलेले पृष्ठांक छापील प्रतीशी जुळेनासे होतात. दर्या आणि दऱ्या २००० साली जेथे होत्या तेथेच आहेत.